जाझची बैठक

जाझ हा शब्द कानीं पडला कीं पुष्कळशा सुशिक्षित मराठी घरांत दोनच कल्पना उभ्या राहतात. एक, हॉटेलांतला नाच. आणि दुसरी, कर्ण्यांचा गोंगाट. ह्या कल्पना अगदींच निराधार आहेत असें नाहीं. परंतु त्यांच्या पलीकडे जें जाझ आहे तें नाचाकरितां नसून ऐकण्याकरितां आहे, आणि तें मोठ्या सभागृहापेक्षां पन्नास-शंभर माणसें जेमतेम मावतील अशा खोलींत अधिक रंगतें. अशा खोलींत वसईकडचा एखादा रसिक जाऊन बसला, तर तेथें त्यानें काय ऐकावें, कसें ऐकावें, आणि अशीं स्थळें फार दिवस टिकत कां नाहींत, ह्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

वसईचें नांव मीं मुद्दाम घेतलें. १५३४ सालीं गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें पांच वर्षांत ख्रिस्ती उपासनेबरोबर पाश्चात्य स्वरपद्धतीहि ह्या किनाऱ्यावर रुजली. किल्ल्यांतल्या त्या चर्चांच्या आज नुसत्या भिंती उरल्या आहेत; पण वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतून लग्न असो वा सण असो, बँड वाजल्यावांचून राहत नाहीं. ट्रंपेट, क्लॅरिओनेट, सॅक्सोफोन हीं वाद्यें येथल्या माणसाला परकीं नाहींत. शेजारच्या आळींत भजनाचा टाळ-मृदंग चालू असतो, तोहि त्याच्या कानांत असतो. आतां जाझचा जन्म कोठें झाला तें पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लीन्स नांवाचें बंदर आहे. फ्रेंच व स्पॅनिश अमलाच्या खुणा त्या शहरावर आहेत. तेथें मिरवणुकीचे व प्रेतयात्रेचे बँड होते, चर्चमधील प्रार्थनागीतें होतीं, आणि आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनीं प्राणपणानें जपलेली लय होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं हे तीन प्रवाह एकत्र आले आणि जाझ जन्मास आलें. १९१७ सालीं त्याची पहिली तबकडी निघाली. बंदर, चर्च, बँड आणि परक्यांनीं आणलेल्या वाद्यांतून आपलें मन बोलून दाखविण्याची हौस, इतक्या गोष्टी ज्या गांवाला ठाऊक आहेत, त्या गांवाला हें संगीत दुर्बोध वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम ह्या संगीताची घडण समजून घेऊं. ख्याल ऐकणाऱ्यास ती अवघड नाहीं. ख्यालांत एक बंदिश असते. गवई ती मांडतो आणि मग तालाच्या आवर्तनामागून आवर्तनें घेत तिचा विस्तार करितो. जाझमध्यें प्रारंभीं सर्व वादक मिळून एक ठरलेली चाल वाजवितात. ही त्यांची बंदिश. ती बहुधा १२ किंवा ३२ खंडांची असते. प्रत्येक खंडांत सामान्यतः ४ मात्रा धरल्या, म्हणजे १२ खंडांचें आवर्तन ४८ मात्रांचें आणि ३२ खंडांचें १२८ मात्रांचें झालें. चाल एकदां मांडून झाली कीं आवर्तन फिरत राहतें, पण चाल नाहींशी होते. तिच्या जागीं एकेक वादक पुढें येऊन त्याच आवर्तनावर स्वतःची नवी रचना तेथल्या तेथें उभी करितो. ट्रंपेटवाल्याचें झालें कीं सॅक्सोफोनवाला, मग पियानो, मग डबल बास. शेवटीं सारे पुन्हां मूळ चालीवर येतात आणि गत संपते. नवख्या श्रोत्यानें एवढें एकच काम करावें: आरंभींची चाल नीट लक्षांत ठेवावी आणि पुढें ती मनांतल्या मनांत गुणगुणत राहावें. मग वादक कोठें गेला आणि कोठून परत आला तें आपोआप उमगतें. ज्यानें ही चाल सोडली, त्याला पुढला सारा भाग निव्वळ गोंधळ वाटतो.

येथपर्यंत साम्य झालें, आतां भेद. आपल्या गायनांत तंबोरा षड्ज धरून बसलेला असतो. गवई कितीहि दूर गेला तरी त्याच्या पायांखालची जमीन हालत नाहीं. जाझमध्यें तंबोरा नाहीं. तेथें पियानो किंवा गिटार वाजविणारा एकाच वेळीं तीन-चार स्वर एकत्र छेडून एक स्वरसंघ निर्माण करितो, आणि हा संघ दर एक-दोन खंडांनीं बदलतो. ह्या क्षणीं जो स्वर विसाव्याचा, तोच पुढच्या क्षणीं खटकणारा ठरतो. वादकाला हे सारे पालट तोंडपाठ असावे लागतात आणि पुढच्या संघावर पाऊल कोठें ठेवावयाचें तें आधींच हेरावें लागतें. आपला गवई ओटीवर बसून गातो असें म्हटलें, तर जाझचा वादक भरतीच्या पाण्यांत होडींत उभा राहून वाजवितो. त्याच्या ताना आपल्याला भरकटल्यासारख्या वाटतात, पण भरकटत तो नसतो. हालत असते ती खालची होडी.

लयीचेंहि असेंच आहे. पहिल्या मात्रेला सम मानून तिच्यावर टाळी देण्याचा आपला संस्कार आहे. जाझमध्यें चार मात्रांपैकीं दुसरी आणि चौथी ह्यांवर झोंक असतो. टाळी द्यावयाचीच झाली तर ती तेथें द्यावी. शिवाय प्रत्येक मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आंखूड, असा एक झोका त्यांत असतो, आणि त्यालाच ते लोक 'स्विंग' म्हणतात. भाग किती लांब व किती आंखूड हें कागदावर लिहून दाखवितां येत नाहीं. लय जलद झाली कीं हा फरक कमी होतो, आणि प्रत्येक वादकाचा झोका थोडा निराळा असतो. तिसरी गोष्ट स्वरांची. कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधोमध घसरणारा एक स्वर ब्लूज नांवाच्या गाण्यांतून जाझमध्यें आला आहे. पियानोच्या पट्ट्यांवर तो सांपडत नाहीं, पण गळा, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन तो काढूं शकतात. दरबारीचा आंदोलित गांधार ज्याच्या कानांत भिनला आहे, त्याला ह्या स्वराची कोणी ओळख करून द्यावयास नको.

आतां खोली लहानच कां हवी, ह्याचा विचार करूं. जें संगीत लिहून ठेवलेलें आहे तें हजार माणसांपुढें वाजविलें तरी तेंच राहतें. परंतु जें संगीत त्या क्षणीं घडतें तें ऐकणाऱ्यावर अवलंबून असतें. चार वादकांनीं एकमेकांच्या डोळ्यांत पाहून वाजवावयाचें असतें. ड्रमवाल्यानें मध्येंच एक ठोका मागें ओढला, तर पियानोवाल्यानें तो त्याच क्षणीं उचलला पाहिजे. पुष्कळदां शेवटच्या भागांत ड्रम आणि इतर वाद्यें ह्यांची चार-चार खंडांची देवघेव चालते. तबला आणि सतार ह्यांचा सवाल-जबाब ज्यानें ऐकला आहे त्याला तींत विशेष गोडी वाटेल. संथ गतीला ड्रमवाला काठ्या ठेवून तारेचे कुंचे घेतो, आणि कातड्यावरून ते फिरतांना पावसाच्या भुरभुरीसारखा आवाज येतो. डबल बासच्या तारेवर बोट पडल्याचा मृदु धक्का आणि सॅक्सोफोनवाल्यानें श्वास घेतल्याचा आवाज, ह्या गोष्टी दहा हातांवरून ऐकूं येतात. शंभर हातांवरून ध्वनिवर्धकांतून येतो तो त्यांचा फुगविलेला पडसाद. आपल्या दिवाणखान्यांतल्या बैठकीचें मर्म हेंच नव्हतें काय? मुंबईस ऑपेरा हाऊसजवळ प्रो. देवधर यांच्या संगीत विद्यालयांत थोरथोर गवयांच्या ज्या बैठकी होत, त्यांची गोडी सांगणारीं माणसें सभागृहाच्या लांबीरुंदीविषयीं कधीं बोललीं नाहींत. गवई किती जवळ बसला होता, हेंच तीं सांगत. देवधरांनीं स्वतः पाश्चात्य संगीताचाहि अभ्यास केला होता, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

जगांतलीं नामांकित जाझस्थळेंहि अशींच लहान आहेत. न्यू यॉर्क शहरांत सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर 'व्हिलेज व्हॅन्गार्ड' नांवाचें एक तळघर आहे. मॅक्स गॉर्डन यांनीं तें १९३५ सालीं सुरू केलें. खोली त्रिकोणी, जिना अरुंद, आणि आंत माणसें मावतात तीं सव्वाशेंच्या आंतबाहेर. पण सनी रोलिन्स यांनीं १९५७ सालीं आणि बिल एव्हान्स यांनीं १९६१ सालीं तेथें वाजविलेल्या गती ध्वनिमुद्रित होऊन जगभर गेल्या. १९६१ च्या नोव्हेंबरांत जॉन कोल्ट्रेन यांनीं ह्याच तळघरांत एक गत वाजविली, तिचें नांवच 'इंडिया'. कोल्ट्रेन यांना रविशंकरांच्या सतारीचें मोठें आकर्षण होतें, आणि १९६५ सालीं जन्मलेल्या आपल्या मुलाचें नांव त्यांनीं रवि असें ठेविलें. जपानांत आणखीच निराळी तऱ्हा. तेथें जिवंत वाद्यवृंद थोडे आणि परदेशी तबकड्या महाग, म्हणून कॉफीच्या लहानशा दुकानांत एकत्र बसून तबकड्याच ऐकावयाच्या, अशी चाल पडली. योकोहामांत १९३३ सालीं निघालेलें 'चिगुसा' हें अशा दुकानांपैकीं एक जुनें. असल्या कित्येक दुकानांत बोलण्यास बंदी असे. एका पेल्यावर माणसें तास-तास डोळे मिटून बसत. आणि २००५ सालीं जॉन झॉर्न ह्या वादकानें न्यू यॉर्कमध्यें 'द स्टोन' नांवाची जागा काढली. तींत खाणें नाहीं कीं पिणें नाहीं. दारावर जमलेला सारा पैसा वाजविणाऱ्यांचा. हॉटेलांत जाझ हवें तर जेवण विकलें पाहिजे, ह्या समजुतीला ती जागा म्हणजे एक सरळ उत्तर होतें.

आपल्याकडची कथा मात्र हॉटेलांतच सुरू होते. १९३५ च्या हिंवाळ्यांत लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवाला व टेडी वेदरफोर्ड हा पियानोवाला आला. वेदरफोर्ड तर ह्या देशांतच राहिला आणि १९४५ सालीं कलकत्त्यास वारला. स्वदेशांत ज्यांना गोऱ्यांच्या पंक्तीस बसतां येत नसे, असे हे लोक येथें मानानें वाजवीत. त्यांच्या हाताखालीं जे तयार झाले त्यांत गोव्याचे वादक पुष्कळ होते. गोव्यांत चर्चच्या शाळेंत 'मेस्त्री' मुलांना स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवीत. कागदावरचें संगीत वाचण्याचें शिक्षण त्या मुलांना लहानपणींच मिळे. मुंबईस येऊन हीं मुलें आपल्या गांवच्या 'कुडां'त, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहत आणि रात्रीं हॉटेलांतून वाजवीत. मिकी कोरिया यांचा वृंद ताजमध्यें १९३९ पासून सुमारें वीस वर्षें टिकला. बार्देशांतील हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियर वाझ हे 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें प्रसिद्ध झाले. सॅक्सोफोन वाजविणारे रूडी कॉटन हे तर पारशी, मूळचे कावस खटाव.

ताजचें नाचघर श्रीमंतांचें होतें. ऐकणाऱ्यांचें जाझ रंगलें तें चर्चगेट भागांत, १९५० नंतरच्या दोन दशकांत. आजचा वीर नरिमन रस्ता त्या वेळीं चर्चगेट स्ट्रीट म्हणून ओळखला जाई. गेलॉर्ड, बॉम्बेलीज, ॲम्बॅसॅडर आणि टॉक ऑफ द टाऊन अशा उपाहारगृहांतून संध्याकाळीं चार-सहा वादकांचे मेळे बसत. जवळच अस्टोरिया हॉटेलांत 'व्हेनिस' नांवाची जागा होती. तेथें मडगांवचे ट्रंपेटवादक क्रिस पेरी वाजवीत आणि लोर्ना गात. ह्याच दोघांनीं कोंकणी गाण्याला जाझचा पेहराव चढविला आणि तीं गाणीं गोव्याच्या घराघरांत पोहोंचविलीं. ही कथा २०१४ च्या 'नाचूंया कुम्पासार' ह्या कोंकणी चित्रपटांत पुष्कळांनीं पाहिली असेल. अमेरिकेहून डेव्ह ब्रूबेक १९५८ सालीं, ड्यूक एलिंग्टन १९६३ सालीं आणि लुई आर्मस्ट्राँग १९६४ सालीं मुंबईस येऊन गेले. ब्रूबेक आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खां हे दोघे तर एकत्र वाजवावयास बसले. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, परंतु आवर्तनाची दोघांनाहि येत होती.

ह्या भागाचा वसईशीं संबंध आगगाडीचा. विजेची गाडी १९३६ सालीं विरारपर्यंत धांवूं लागली. वसई रोड ते चर्चगेट हें अंतर सुमारें ५० किलोमीटर. आणि जाझचीं बहुतेक स्थळें चर्चगेट स्टेशनापासून पायीं पांच-दहा मिनिटांवर. केळीच्या बागेंतून निघालेला माणूस गाडी न बदलतां ह्या संगीताच्या दाराशीं उतरूं शके. मात्र बैठक ऐन रंगांत येते तेव्हां घड्याळ पाहून उठावें लागतें, ही उपनगरांतल्या रसिकाची जुनी व्यथा आहे, आणि ती आजहि तशीच आहे.

ह्या वादकांचें पुढें काय झालें हें सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाहीं. १९४९ सालीं मुंबई प्रांतांत दारूबंदीचा कायदा झाला. दारू गेली तशी हॉटेलांची रात्रीची मिळकत खालावली, आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत पैसा अधिक निश्चित होता. सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यांतल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांनीं १९४७ च्या 'शहनाई'त आणि १९५१ च्या 'अलबेला'त जी नवी ठसकेबाज चाल आणली, तिच्यांत ह्या संगीताचा अंश उघड आहे. चिक चॉकलेट हे त्यांचे साहाय्यक होते. 'अलबेला'त ते आपल्या वादकांसह पडद्यावरहि दिसतात. सेबॅस्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. अँथनी गोन्साल्विस यांनीं प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविलें. अशा रीतीनें मराठी घरांतल्या रेडिओवर वर्षानुवर्षें जें वाजत आलें, त्यांत जाझच्या बैठकींत तयार झालेले हात होते. परंतु श्रेयनामावलींत त्यांचीं नांवें बहुधा आलीं नाहींत. आम्हीं जाझ कधीं ऐकलेंच नाहीं, असें म्हणणाऱ्या आजोबांनींहि तें नकळत हजार वेळां ऐकलेलें असतें.

पुढें विजेच्या गिटारी आल्या, तबकड्यांवर नाचण्याचीं स्थळें निघालीं, आणि चार वादकांना पगार देण्यापेक्षां एक यंत्र ठेवणें मालकांना परवडूं लागलें. १९७० नंतर चर्चगेटचे मेळे एकेक करून उठले. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मंडळींनीं १९७८ सालीं मुंबईस 'जाझ यात्रा' सुरू केली आणि पहिल्याच यात्रेंत सनी रोलिन्स यांना आणलें. धोबीतलावाजवळचें उघडें रंगभवन कित्येक वर्षें ह्या संगीतानें दुमदुमलें. पण भोंवतीं रुग्णालयें व शाळा-महाविद्यालयें असल्यामुळें तो भाग शांतता-क्षेत्रांत गणला गेला आणि रंगभवनांतलें वादन थांबलें. लोअर परळच्या मथुरादास गिरणीच्या आवारांत २००७ सालीं 'ब्लू फ्रॉग' निघालें. बसण्याच्या गोल कोनाड्यांची त्याची मांडणी वाखाणली गेली, पण तेंहि २०१६ सालीं बंद झालें. पुण्यांत कोरेगांव पार्काच्या बाजूस 'शिशा जाझ कॅफे' ही जागा नांवाजली. तेथें इराणी जेवण, भिंतींवर जाझवादकांचीं चित्रें आणि आठवड्यांतून ठरल्या दिवशीं प्रत्यक्ष वादन, असा बेत असे. ह्या इतिहासावरून एक गोष्ट दिसते. महोत्सवाला देणगीदार मिळतो, पण लहान खोलीला मिळत नाहीं. साठ खुर्च्यांची जागा भरून वाहिली तरी साठच तिकिटें खपणार. भाडें मात्र शहर वाढेल तसें वाढत जातें.

आतां अशा ठिकाणीं जाण्याचा योग आला तर काय करावें? पहिली गोष्ट, वेळेवर जावें आणि वादकांचे हात दिसतील अशी जागा धरावी. बहुधा वादन दोन भागांत होतें व मधें थोडी विश्रांति असते. पहिल्या भागांत वादक खोलीचा अंदाज घेत असतात. खरा रंग दुसऱ्या भागांत भरतो, म्हणून पहिल्यानंतर उठून जाऊं नये. खाण्याचें मागवावयाचें तें आधीं मागवावें. वाजत असतांना बोलूं नये. डबल बासचें वादन चालू असतांना तर मुळींच नाहीं, कारण तें वाद्य हळू बोलतें आणि नेमक्या त्याच वेळीं लोकांना गप्पा सुचतात. एकेका वादकाची पाळी संपली कीं चाल चालू असतांनाच टाळ्या देण्याचा तेथें प्रघात आहे. पाश्चात्य सिंफनीच्या मैफलींत तो असभ्यपणा ठरेल, पण जाझमध्यें ती आपल्या 'वाहवा'ची जागा आहे. फर्माईस करावयाची तर विश्रांतींत, आणि चित्रपटगीताची करूं नये. मुलांना अवश्य न्यावें. कर्णा कसा चालतो ह्याविषयींचें त्यांचें कुतूहल विश्रांतींत वादक मोठ्या आनंदानें पुरवितात.

कांहीं ठिकाणीं ह्याहून पुढें गेलेलें संगीत ऐकावयास मिळतें. त्यांत ठरलेली चाल नाहीं, ठरलेलें आवर्तन नाहीं, स्वरसंघहि नाहींत. वादक शून्यांतून आरंभ करितात. ऑर्नेट कोलमन यांनीं १९६० सालीं आठ वादकांना घेऊन अशा प्रकारचा एक प्रसिद्ध प्रयोग ध्वनिमुद्रित केला, आणि १९६५ सालीं लंडनांत निघालेल्या 'ए. एम. एम.' ह्या मंडळीनें तर पूर्वतयारीच वर्ज्य मानली. हें ऐकतांना प्रथम माणूस गांगरतो. येथें चालीचा धागा धरून उपयोग नाहीं, कारण चालच नाहीं. येथें धागा धरावयाचा तो उत्तराचा: एकानें कांहीं केलें, त्याला दुसऱ्यानें काय उत्तर दिलें? रागाची ओळख पटण्यापूर्वींचे आलापाचे पहिले चार स्वर जसे आपण श्वास रोखून ऐकतों, तसें हें सारेंच ऐकावयाचें असतें. तें प्रत्येक वेळीं साधतें असें नाहीं. नीरस गेलेल्या संध्याकाळी त्यांत पुष्कळ असतात. आणि तसें होण्याची मोकळीक ज्या खोलींत नाहीं, तेथें नवें कांहीं निपजणारहि नाहीं. हजार रुपयांचें तिकीट काढून आलेला प्रेक्षक ही मोकळीक देत नाहीं. लहान खोलीचें महत्त्व येथें सर्वांत अधिक कळतें.

शेवटीं वसईविषयीं. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत बारा लाखांवर वस्ती मोजली गेली. एवढ्या वस्तीच्या शहरांत पन्नास-साठ खुर्च्यांची खोली कोणास जड जाऊं नये. एखाद्या वाड्याची पडवी, एखाद्या शाळेचा वर्ग, चर्चचें वा वाचनालयाचें दालन चालेल. पियानो ठेवावयाचा तर समुद्राच्या दमट हवेनें त्याचें लांकूड फुगतें आणि स्वर बिघडतात, म्हणून वर्षांतून दोनदां तो जुळवून घ्यावा लागेल. तें न परवडल्यास गिटार आहेच. वादन सातला सुरू करून साडेनऊला संपवावें. २००० सालच्या नियमांप्रमाणें उघड्या जागीं रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धक लावतां येत नाहीं हें खरें. परंतु बंद खोलींत मुळांत ध्वनिवर्धकच नसला तर शेजाऱ्यांशीं वाद उरत नाहीं, आणि मुंबईहून आलेल्या वादकांना परतीची गाडीहि मिळते. दारावरचा पैसा वादकांना द्यावा. महिन्यांतून एकदां जरी हें घडलें तरी पुष्कळ झालें.

ह्यांत जें पणाला लागलें आहे तें जाझचें नांव नव्हे; तें नांव आपल्यावांचून जगांत सुखानें चालेल. वसईच्या लग्नाच्या बँडांत सतरा-अठरा वर्षांचीं मुलें ट्रंपेट वाजवितात. ठरलेलीं गाणीं तीं अचूक वाजवितात, ऊन-पावसांत चालतां चालतां वाजवितात. पण स्वतःच्या मनांतलें चार खंडहि वाजवून पाहण्याची जागा त्यांना नाहीं. तें तबकडीवरून शिकतां येत नाहीं, यंत्रावरूनहि नाहीं. आपल्याहून चांगल्या वादकाशेजारीं उभें राहून, चुकत, त्याच्या चेहऱ्याकडे पाहत शिकावें लागतें. गोव्याच्या मुलांना तें ताजमध्यें आणि चर्चगेटला मिळालें. म्हणून अशी खोली जेथें कोठें निघेल तेथें पाहुण्यांचें वादन संपल्यावर शेवटचा अर्धा तास गांवच्या वादकांना मोकळा ठेवावा. बँडांतल्या एखाद्या मुलाला तेथें बारा खंडांचें एक आवर्तन स्वतःचें म्हणून मिळालें, तर त्या महिन्याचें भाडें वसूल झालें असें खुशाल समजावें.